पहिल्या यादीतलं नाव

नोव्हेंबर निम्मा सरला तरी थंडी काही येईना. आला तो पाऊस, आणि तोही कसला, कोमट, चिकट, दिवसभर ठिबकणारा. हागोक गावात घरटी एक शेड, शेडमध्ये आढ्यापासून गुडघ्यापर्यंत दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांना गाम नावाची टोमॅटोएवढी फळं सोलून सुकायला टांगलेली. एरवी ह्या दिवसांत डोंगरावरून कोरडा वारा सुटायचा आणि ती केशरी फळं आतल्या आत आकसून गोड व्हायची. यंदा वाराच नाही. फळं देठाशी मऊ पडायची आणि खाली यायची. पच्च. जरा वेळानं आणखी एक. पच्च. माणूस जेवायला बसला तरी कानात तोच आवाज.

प्यो मानसॉक शिडीवर चढून एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघत होता. काळा ठिपका दिसला की काढ, अंगठा रुतला की काढ. रस बाहीत शिरून कोपरापर्यंत ओघळलेला, मानेला रग लागलेली. खाली त्याची बायको, जिला सारं गाव दासोमची आई म्हणायचं, पडलेली फळं टोपलीत भरत होती आणि फरशी पुसत होती. पुसली नाही तर बुरशी वर चढते.

"पंख्याचं तोंड फिरव जरा," मानसॉक वरून म्हणाला.

"कुठंबी फिरवा, वारा वलाच येतोय."

"तोंड चालव नुसतं."

"हातबी चालूच हायेत. डोळं उघडून बघा."

एवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. लेकीचा होता, सांगजूहून, शाळेच्या वसतिगृहातून. आईनं ओले हात मांडीला पुसले आणि फोन शिडीच्या दिशेनं उंच धरला.

"बाबा, पहिली यादी लागली. माझं नाव आहे त्यात."

मानसॉकनं शिडी घट्ट धरली. "पास झालीस?"

"पहिल्या यादीत, बाबा. अजून मुलाखत आहे. घेणार त्याच्या दुप्पट मुलं बोलावलीत. शेवटची यादी डिसेंबरात लागेल. नीट ऐकताय ना?"

"व्हय व्हय, ऐकलं."

ऐकलं होतंच त्यानं. शब्द न् शब्द ऐकला होता. पण त्यातलं 'नाव आहे' तेवढं त्याच्या पोटात उतरलं आणि बाकीचे शब्द बाहीवरच्या रसासारखे ओघळून गेले.

सोलमधल्या त्या विद्यापीठाचं नाव घ्यायची हागोकमध्ये कुणाला गरज पडत नसे. 'सोलला लागला' म्हटलं की त्याचा एकच अर्थ. दासोम लहान असताना मानसॉक तिला घेऊन तिथवर गेला होता, केवळ दरवाजा दाखवायला. परत येताना गाडीत तिला म्हणाला होता, "दार बघितलंस न्हवं? आता आत शिरायचं." तेव्हापासून पोरीच्या हाताला त्यानं कधी गामचं फळ लागू दिलं नाही. फळ सोललं की बोटं काळी पडतात, ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. "तुझं हात अभ्यासाचं हायेत," म्हणायचा. यंदा तर टीव्हीची वायरच काढून ठेवलेली. पोरगी सुट्टीला आली की बाप आपल्याच घरात मांजरासारखा चालायचा. आई रोज पहाटे टेकडीवरच्या दगडी बुद्धापाशी जाऊन गुडघे फुटेस्तोवर वाकायची. आणि समुद्री शेवाळाचं सूप, जे वाढदिवसाला रांधलं नाही तर आईला आई म्हणत नाहीत, ते दासोमच्या वाढदिवसालासुद्धा चुलीवर चढलं नाही. शेवाळ बुळबुळीत. खाल्लं की परीक्षेत पाय घसरतो.

दुपारी मानसॉक सरपंचाकडं जादाचा पंखा मागायला गेला. सरपंच गु जोंगपिल वयानं त्याच्याहून मोठा, तोंडाचा फटकळ, आणि त्याचा मुलगा काही वर्षांमागं खरोखरच सोलला लागलेला. त्या मुलाच्या नावाचा फलक गावाच्या तोंडाशी, बस थांब्यावरच्या मोठ्या झाडाला पार विटून चिंध्या होईपर्यंत लटकत होता. मानसॉक येता-जाता तो वाचायचा. वाचायचा नाही म्हटलं तरी वाचला जायचा.

"पंखा? माझीच फळं गळायला लागलीत, तुला कुठनं देऊ?" सरपंच म्हणाला.

"बरं ऱ्हाऊ द्या." मानसॉक वळला, आणि मग त्याच्यानं राहवेना. "दादा, पोरीचं नाव आलंय. सोलच्या यादीत."

"काय सांगतोस!" सरपंच ताडकन उठला. "आरं मग असा मुडद्यासारखा काय उभा हायस? बस! बस आधी!"

आणि त्यानं तांदळाच्या दारूची बाटली काढली आणि मानसॉकच्या वाटीत ओतली. दोन्ही हातांनी ओतली. दोन्ही हातांनी ओतायचं ते धाकट्यानं, मान म्हणून; थोरल्यानं धाकट्याला तसं ओतलेलं मानसॉकनं जन्मात बघितलं नव्हतं. इथं एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'दादा, मुलाखत राहिलीय अजून.' ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंसुद्धा. मग त्याच्यावरून दारूचा घोट गेला आणि ते खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले सगळे कर्णे खरखरले. एरवी त्यातून खताची पोती आली, पाण्याची पाळी बदलली, असलं सांगायचे. आज सरपंचाचा आवाज गहिवरला होता. "ऐका हो! आपल्या प्यो मानसॉकची लेक दासोम सोलला लागली! सोलला!" आठवड्याच्या आत झाडाला फलक चढला, पिवळाधमक, लाल अक्षरांचा: 'अभिनंदन! प्यो मानसॉक यांची कन्या प्यो दासोम. हागोकची शान!' मानसॉकचं नाव लेकीच्या नावाच्या आधी होतं. त्यानं सायकल थांबवून ते वाचलं, पुढं गेला, परत आला आणि पुन्हा वाचलं.

शनिवारी दासोम बसमधून उतरली ती बरोबर त्या फलकाखाली. पाठीला दप्तर, खुर्चीत बसून बसून खांदे पुढं आलेले, चेहरा पिठासारखा पांढरा. थांब्यावर युचॉनवाली आजी बसली होती. युचॉन तिचं माहेर. गावात तिच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. तिनं दासोमचे दोन्ही हात धरले आणि आपल्या खरखरीत हातांत चोळत राहिली.

"किती मऊ हायेत बाई. न्यायाधीश व्हशील तू. हागोकच्या बायकांचं हात बघ आन ह्ये बघ."

दासोमनं हात सोडवून घेतले नाहीत. मान लववली आणि तडक शेडमध्ये आली.

"बाबा, तो फलक उतरवा."

"आलीस? जेवलीस का?"

"बाबा, मी फोनवर सांगितलं होतं. मुलाखत बाकी आहे. शेवटची यादी बाकी आहे."

"लोकांनी प्रेमानं लावलाय. आता उतरवा म्हणू?"

"आणि नाही झालं तर?"

"आसलं अभद्र बोलू नगंस." मानसॉकचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत तुला कुठं नापास बघितलंय मी? जा, झोप जा. तोंड बघ कसं झालंय."

दासोम उभीच राहिली. वरून एक फळ सुटलं आणि दोघांच्या मधे पडलं. ती वाकून उचलायला गेली तर बाप ओरडला, "हात लावू नगंस!" आणि ती तशीच घरात गेली.

मुलाखतीच्या दिवशी आईनं तिच्या खिशात चिकट चिक्कीचा तुकडा घातला, नाव यादीला चिकटावं म्हणून. पोरगी बसमध्ये चढली तेव्हा तिनं मान वर केली नाही. वर तिचंच नाव होतं.

डिसेंबरात थंडी आली एकदाची, पण उशिरा. निम्म्या दोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. मानसॉकला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. गावानं मेजवानी मागितली होती आणि त्यानं ती छाती काढून कबूल केली होती. शेवटच्या यादीच्या दुसऱ्याच दिवशी, गावच्या सभागृहात, सगळ्यांना. डुक्कर सांगून ठेवलं होतं. बायका दासोमच्या आईसोबत कोबीच्या किमचीला, त्या आंबवलेल्या लोणच्याला, बसल्या होत्या, लाल तिखटात कोपरापर्यंत हात घालून.

यादी लागली त्या दुपारी मानसॉक आणि त्याची बायको शेडमध्ये उरलेली फळं हलक्या हातानं चोळत होते, म्हणजे आतला गर सारखा होतो. दासोम आली. दारात थांबली नाही, आत आली, बापाच्या समोर.

"बाबा, नाही झालं."

मानसॉकनं हातातलं फळ चोळायचं थांबवलं नाही.

"नाव नाहीये. दोनदा बघितलं."

आईनं हातातलं फळ दोरीला तसंच सोडलं, लेकीजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मानसॉक बोलला, फळाकडं बघतच.

"कुणाला बोलायचं न्हाई. उद्याची मेजवानी हुईल. परवा तू देगूला मावशीकडं जा. तिथं राहायचा क्लास असतोय, साल काढ, परत बस. पुढल्या वर्षी लागशीलच. कुठल्या वर्षी लागली ह्ये कोण विचारतंय?"

"म्हणजे मी एक वर्ष लपून बसू?"

"लपून कशाला? शिकतीय म्हणायचं. सोलला शिकतीय."

"बाबा, सगळे मला देगूत बघतील. कुणीतरी बघेलच. मी काय रस्त्यानं तोंड झाकून चालू?"

"मग काय करू मी!" मानसॉकनं फळ खाली आपटलं. "तुला एक फळ उचलू दिलं न्हाई आजवर. तुझ्या आईचं गुडघं गेलं दगडावर वाकून. कशापायी? ह्यासाठी? उद्या मी कुठल्या तोंडानं जाऊ त्या सभागृहात?"

पोरगी नुसती श्वास घेत राहिली, पळून आल्यासारखी. दासोमची आई मात्र उभी पेटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नवऱ्याच्या बोलण्यावर बोलायची, पण असं कधी बोलली नव्हती.

"त्याच तोंडानं जा, ज्या तोंडानं सांगत फिरलात. फलकावर पहिलं नाव कुणाचं हाय? माझं गुडघं मी वाकवलं, पोरीनं न्हाई सांगितलं. तिच्या नावावर मांडू नगा."

मानसॉकनं शिडी उचलली, दुसऱ्या कोपऱ्यात लावली आणि चढला. तिथं दाबून बघायला एकही फळ नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो शेडमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहाच्या, खालून तापवलेल्या फरशीवर सगळं गाव मांडी घालून बसलं. बुटक्या मेजांवर उकडलेलं डुकराचं मांस, वाफा निघत असलेलं, ताजी लाल किमची, कोबीची पिवळी पानं, लसूण. वास असा की पोटातली आतडी वळावीत. पण युचॉनवाल्या आजीनं अजून जेवायच्या काड्या उचलल्या नव्हत्या, आणि तिनं उचलल्याबिगर कोण खाणार? मानसॉक नवा कोट घालून तिच्याशेजारी बसला होता. कोटाच्या बाहीतून त्याची काळवंडलेली बोटं बाहेर डोकावत होती. त्याला वाटत होतं, पोरगी येणारच नाही. डोकं दुखतंय म्हणेल, आजारी आहे म्हणेल. सकाळपासून तो मनातल्या मनात तेच सांगायचा सराव करत होता.

पण ती आली. आईबरोबर, मांसाचं ताट हातात घेऊन, वाढत वाढत आली. सरपंचानं टाळ्या वाजवल्या.

"या या, न्यायाधीशबाई! बसू नका, उभ्याच ऱ्हावा. गावाला दोन शब्द सांगा आधी!"

मानसॉकनं लेकीकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. दासोमनं ताट खाली ठेवलं, हात पुसले आणि आधी आजीकडं तोंड करून वाकली.

"आजी, काका, काकू. मी सोलला लागले नाही."

कुणाला कळेचना. सरपंचाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"पहिल्या यादीत नाव होतं, ते मुलाखतीपुरतं. शेवटच्या यादीत नाही. काल कळलं." ती थांबली नाही. "आणि फलकाचं म्हणाल तर चूक माझी आहे. मी बाबांना अर्धवट सांगितलं. मुलाखत राहिलीय हे बोललेच नाही. त्यांना वाटलं, झालं. त्यांना कुणी काही म्हणू नका. उद्या सकाळी फलक मीच उतरवीन, सरपंचकाका, तुम्ही फक्त शिडी धरा. आणि मी कुठं जाणार नाहीये. शेडवर आहे. पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं, तर तुम्हांला सांगूनच बसेन."

आणि ती परत वाकली, कपाळ फरशीला लागेपर्यंत, आणि तशीच राहिली.

काय म्हणावं त्या पोरीला! अठरा-एकोणीस वर्षांचं वय, आयुष्यातली पहिली हार कालच पदरात पडलेली, आणि सगळ्या गावासमोर उभं राहून ती हार तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली. वर बापाची चूकही उचलून आपल्या डोक्यावर घेतली. मोठमोठ्या माणसांना एवढं जमत नाही.

सगळ्यांची तोंडं मानसॉककडं वळली. त्यांत राग नव्हता, हसू नव्हतं. बिचारा बाप, असं होतं त्यांत. पोरीनं फसवलं बिचाऱ्याला. मानसॉकला ते चेहरे वाचता येत होते, आणि त्याला हेही कळत होतं, की आता नुसतं गप्प बसलं तरी भागेल. मान खाली घालायची, एक सुस्कारा टाकायचा. पुढच्या वर्षीपर्यंत लोक विसरतील. पोरगी बापाला वाचवून गेली होती.

लेकीचं डोकं अजून फरशीलाच होतं. मानेवरचं हाड वर आलेलं दिसत होतं, आणि आजवर हे हाड आपल्याला दिसलं कसं नाही, असं त्याला वाटलं. अभ्यास करून करून वाळली होती पोरगी. तो उठला. मांडी घालून घालून पायांना मुंग्या आल्या होत्या, उठताना त्यानं मेजाला हात टेकला.

"खोटं बोलतीय," तो म्हणाला.

"आता आनि काय?" सरपंच म्हणाला.

"खोटं बोलतीय पोरगी. मला फोनवर सांगितलं व्हतं तिनं. मुलाखत हाय, शेवटची यादी हाय, समदं. फलक लागल्यावर शेडमध्ये येऊन म्हणाली, बाबा, उतरवा. मीच गप बसलो." तो सरपंचाकडं वळला. "दादा, तुमी मला दोन्ही हातांनी वतलंत. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. म्हणून गप बसलो. हिची काय चूक न्हाई. ही चांगली हाय."

दासोमनं डोकं वर केलं होतं आणि ती बापाकडं बघत होती, अनोळखी माणसाकडं बघावं तशी. तिची आई दारात उभी होती, हातातल्या ताटासकट, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

सरपंच खाकरला. फटकळ माणूस, त्याला गप्प बसवेना. "मग मानसॉक, ही मेजवानी कसली म्हणायची? आमी काय समजून खायाचं?"

"माझ्या लेकीची हाय," मानसॉक म्हणाला. "मी घातलीय. खावा."

सगळे युचॉनवाल्या आजीकडं बघायला लागले. आजीनं काड्या हातात घेतल्या, मांसाच्या ताटावर नेल्या, आणि परत खाली ठेवल्या.

"आधी तिला दे," ती मानसॉकला म्हणाली. "मी काय, उद्याबी खाईन."

असं हागोकमध्ये कधी झालं नव्हतं. पण आजी बोलली ते बोलली. मानसॉक लेकीच्या समोर जाऊन बसला. त्यानं कोबीचं मोठंसं पान घेतलं, त्यावर मांस ठेवलं, मग आणखी एक तुकडा, मग किमची, लसणाची पाकळी, मग पुन्हा मांस. काळवंडलेल्या बोटांनी पान मुडपायला गेला तर ते मावेना. एवढा मोठा घास त्यानं कधी कुणासाठी बांधला नव्हता.

"आ कर."

दासोमला काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि बापानं घास आत सरकवला. गाल फुगले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बोलणं तर लांबच. मागं कुणीतरी हसलं, आणि मग काड्यांचा खडखडाट सुरू झाला.

मानसॉक तिच्या समोरच बसून राहिला, तिच्याकडं बघत.

"चाव नीट," तो म्हणाला. "घाई न्हाई काय."